अरबीच्या वर्गात भीड कशी चेपावी

अरबी घेतलेला विद्यार्थी वर्गात गप्प बसू लागतो, तो बहुधा स्वरचिन्हांशिवायचा पहिला मजकूर समोर आल्यावर. तोवर फतहा, कसरा, दम्मा ही अ, इ, उ या स्वरांची चिन्हे पाहून तो नीट वाचत असतो. मग क-त-ब एवढीच अक्षरे उरतात. ‘कतब’ म्हणजे त्याने लिहिले, ‘कुतिब’ म्हणजे लिहिले गेले, ‘कुतुब’ म्हणजे पुस्तके. चुकीचे वाचले की ‘आपल्याला जमणार नाही’ हे मनात घट्ट बसते. पण मुरलेला वाचकही हा निवाडा संदर्भावरूनच करतो.

म्हणून सहा-सात ओळींचा, स्वरचिन्हे असलेला उतारा घ्या. ध्वनिमुद्रण ऐकत तो तीनदा मोठ्याने वाचा. दुसऱ्या दिवशी तोच उतारा चिन्हांशिवाय वाचा आणि अडलेल्या शब्दांखाली रेघ मारा. तिसऱ्या दिवशी फक्त तीच वाक्ये घ्या. रोज नवा उतारा घेतला, तर रोज अडखळणेच पदरी पडते. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडले की क्षमतेवरचा विश्वास सर्वांत पक्का होतो तो स्वतः पार पाडलेल्या कामातून. शाबासकीचे बळ त्याहून कमी.

बोलताना जीभ अडते ती शब्दाच्या शेवटच्या स्वरापाशी, म्हणजे इअराबपाशी; इअराब म्हणजे वाक्यातले शब्दाचे काम दाखवणारा शेवटचा बदल. इथे एक सवलत व्याकरणच देते: थांबताना शेवटचा ऱ्हस्व स्वर गाळायचा असतो. तेव्हा चार-पाच शब्दांची वाक्ये करा आणि प्रत्येकाच्या शेवटी थांबा. लेखनात मात्र ढिलाई नको. द्विवचनात इअराब अक्षरांतूनच दिसतो. शिक्षकांनी मध्येच टोकू नये. बोलणे संपल्यावर एकाच प्रकारची चूक दाखवावी.

शब्द सुटे पाठ करू नका, धातूने बांधा. ह-द-र घ्या: हादिर म्हणजे हजर, हुदूर म्हणजे उपस्थिती, मुहादरा म्हणजे व्याख्यान. यातला ‘द’ जड उच्चाराचा, आणि मराठीतले हजर, हजेरी, हुजूर याच धातूचे. ओळखीचा शब्द असा हाताशी असला की नवे शब्द परके वाटत नाहीत. अर्थ मात्र तपासा: आपण पैसे ‘वसूल’ करतो, अरबीत ‘वुसूल’ म्हणजे पोहोचणे.

फुसहा म्हणजे पुस्तकी, प्रमाण अरबी. ती शिकून बोलीतली अरबी मालिका लावली की काहीच कळत नाही, आणि उमेद खचते. ‘तुला काय हवे?’ हे फुसहात ‘माज़ा तुरीद’, कैरोत ‘आयिज़ एह’. बोली एकच निवडा, तिची वही वेगळी ठेवा.

स्पॅनिश शिकणाऱ्या मित्राशी तुलना नको. अमेरिकी परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजी भाषकांना अरबीसाठी सुमारे २२०० तासिका धरते. स्पॅनिशला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास लागतात. तुलना स्वतःशीच करा: दर पंधरवड्याला एक मिनिट न वाचता बोला, तारीख घालून ध्वनिमुद्रित करा. सत्राच्या शेवटी पहिले आणि शेवटचे ध्वनिमुद्रण लागोपाठ ऐका.