सिनेमावर लिहायचंय? खान्देशातल्या नवख्यांसाठी थोडं अनुभवाचं

"भाऊ, पिक्चर कसा शे?" या प्रश्नाला आमच्याकडे "एक नंबर" किंवा "ठीक शे" एवढं उत्तर पुरतं. तिकिटाला पैसे घालायचे की नाही, हे तेवढ्यात कळतं. सिनेमावर लिहायला बसलं की मात्र पुढचा प्रश्न येतो: एक नंबर, तो कशामुळे? जळगाव-धुळ्याची, शिरपूर-शहाद्याकडची जी मुलंमुली या कामाबद्दल विचारायला येतात, त्यांचं पाहणं भरपूर असतं आणि आवड खरी असते. गाडी अडते ती नेमकी इथं. म्हणून मी जे करत आलो आणि ज्याचा उपयोग झाला, ते सांगतो.

सुरुवात नव्या सिनेमापासून करू नका. अनेकदा पाहिलेला, तोंडपाठ असलेला सिनेमा घ्या. पुढं काय होणार हे माहीत असलं की डोळे गोष्टीमागं धावत नाहीत, आणि पडद्यावरच्या बाकीच्या गोष्टी दिसायला लागतात. मी बहुतेकांना 'शोले' घ्यायला सांगतो, कारण तो न पाहिलेला माणूस आपल्या भागात सापडणं कठीण. त्याचे संवाद सगळ्यांना पाठ असतात, म्हणून संवाद नसलेला प्रसंग निवडायचा. राधा हवेलीतले दिवे एकेक करून मालवते आणि खाली जय माउथ ऑर्गन वाजवत बसलेला असतो, तो.

हा प्रसंग आवाज बंद करून पाहा आणि वहीत फक्त दिसतं ते लिहा. ती वर आहे, तो खाली आहे. मधे अंगण आहे. तिच्या अंगावर पांढरं लुगडं आहे. आभाळात उजेड अजून थोडा शिल्लक आहे, पूर्ण रात्र झालेली नाही. तो तिच्याकडे बघतो, ती दिवा मालवते, अंधार वाढतो. एवढं लिहून झालं की विचारा, हा उजेड असाच का? छायालेखक द्वारका दिवेचा यांना सूर्य बुडाल्यानंतरचा आणि रात्र पडण्याआधीचा प्रकाश हवा होता. तो रोज काही मिनिटंच मिळतो, म्हणून पडद्यावर इतक्या थोड्या वेळात संपणाऱ्या या प्रसंगाच्या चित्रीकरणाला सुमारे 20 दिवस लागले. इतका खर्च आणि इतका धीर कशासाठी? त्या घरात, त्या गावात विधवा सुनेचं मन कुणी बोलून दाखवणार नाही. मग ते कशानं सांगायचं, तर अंतरानं, उजेडानं आणि विझत जाणाऱ्या दिव्यांनी. आता सिनेमाचा शेवट आठवा. जय गेल्यानंतर ती खिडकी लावून घेते. दिव्यांचा प्रसंग नीट पाहिला असेल, तर ती खिडकी लागताना काय संपलं हे वेगळं सांगावं लागत नाही. माझ्या लेखी हे समीक्षेचं पहिलं पाऊल. आपल्याला जे वाटलं, ते पडद्यावर कुठं आहे हे बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे.

त्यासाठी वहीच्या पानाचे दोन भाग करा. डावीकडे पाहिलं-ऐकलं ते, उजवीकडे वाटलं ते. डावी बाजू रिकामी आणि उजवी भरलेली असेल, तर लिहायची घाई करू नका, सिनेमा पुन्हा पाहा. थिएटरात अंधारात लिहायची सवय लागायला वेळ जातो. जाड पेन, मोठी अक्षरं, एका ओळीत दोन-तीन शब्द. मोबाइल बाहेर काढू नका, त्याच्या उजेडानं शेजारच्याचा सिनेमा बिघडतो.

'शोले'बद्दल अजून थोडं, कारण त्यातून दुसरी सवय लागते. त्या वर्षी त्या सिनेमाला फिल्मफेअरचा एकच पुरस्कार मिळाला, तो संकलनाचा, म्हणजे एडिटिंगचा, एम. एस. शिंदे यांना. आपल्याकडे नट आठवतात, गाणी आठवतात, पण संकलक कोण होता हे आठवत नाही. श्रेयनामावली संपेपर्यंत खुर्चीतून उठू नका. आणि 'शोले'चा शेवट आठवा. ठाकूर गब्बरला पायाखाली तुडवत असताना पोलीस येऊन थांबवतात. अनेकांना हा शेवट ढिला वाटतो. मुळात ठाकूर गब्बरला मारतो असाच शेवट चित्रित झाला होता, सेन्सॉरच्या आक्षेपामुळे तो बदलावा लागला. साल 1975, आणीबाणीचं. ही माहिती असूनही शेवट तुम्हाला खटकू शकतो, पण मग तुम्ही दिग्दर्शकाला दोष देताना जरा थांबाल आणि लेख अधिक खरा होईल.

कान तयार करणं डोळ्यांपेक्षा अवघड जातं. प्रभात फिल्म कंपनीचा 1937 चा 'कुंकू' मिळवा. व्ही. शांताराम यांनी त्यात पार्श्वसंगीत वापरलं नाही. घरातले, रस्त्यावरचे, त्या प्रसंगात खरोखर असू शकतील असेच आवाज ठेवले. म्हाताऱ्याशी लग्न लावून दिलेल्या नीराची कोंडी त्यामुळे कशी जाणवते, ते डोळे मिटून ऐका. त्याच दिवशी 'सैराट'चा शेवट पाहा. अजय-अतुल यांच्या संगीतानं अख्खा महाराष्ट्र नाचवणारा सिनेमा अखेरच्या क्षणी आवाजच काढून घेतो. नुसतं 'संगीत अप्रतिम' असं लिहिणाऱ्याकडून हा निर्णय सुटून जातो.

आता चौकटीबद्दल, म्हणजे पडद्यावर एका वेळी जेवढं दिसतं त्याबद्दल. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त डुक्कर पकडायची धावपळ चालू असते, शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं आणि सगळं कुटुंब जागच्या जागी उभं राहतं. पुढं पकडलेलं डुक्कर बांबूला बांधून नेताना मागच्या भिंतीवर डॉ. आंबेडकर, सावित्रीबाई यांची चित्रं दिसत राहतात. कुणी भाषण करत नाही, कॅमेरासुद्धा त्या चित्रांजवळ जात नाही. पुढं माणसं चालताहेत, मागं भिंत आहे, दोन्ही एकाच चौकटीत. हे लिहिताना 'दिग्दर्शकानं सामाजिक विषमतेवर भाष्य केलंय' असं वाक्य सुचेल. ते खोडा. भिंतीचं वर्णन करा, वाचक पुढचं स्वतः बघेल.

चौकट कळण्यासाठी आपल्याला एक मोठी सोय आहे, तिचा उपयोग फार कमी जण करतात. जळगावहून अजिंठा साठेक किलोमीटरवर आहे. सहलीत पोरं लेणी धावत बघतात. एकदा सतराव्या लेण्यात एकाच भिंतीसमोर निवांत उभे राहा. जातककथांत, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या गोष्टींत, एकच पात्र त्याच भिंतीवर पुन्हा पुन्हा दिसतं, इथं राजवाड्यात, तिथं रस्त्यात, पलीकडं रानात. मधे रेघ नाही. एखादा खांब, एखादं दार, कुणाची तरी वळलेली मान तुमची नजर पुढच्या प्रसंगाकडे नेते. नजर कुणी आणि कशानं हलवली, हाच प्रश्न सिनेमातल्या प्रत्येक शॉटला विचारायचा असतो.

दुसरा उत्तम अभ्यास अमळनेरशी जोडलेला आहे. साने गुरुजी तिथल्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत होते. त्यांच्या 'श्यामची आई'वर आचार्य अत्र्यांनी 1953 मध्ये सिनेमा केला आणि राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्याला मिळालं. 2023 मध्ये सुजय डहाके यांनी त्याच गोष्टीवर पुन्हा सिनेमा केला. दोन्ही कृष्णधवल. पण 1953 मध्ये कृष्णधवल ही नेहमीची रीत होती, आणि 2023 मध्ये ती मुद्दाम केलेली निवड. तेच तंत्र सत्तर वर्षांनी वेगळं काही सांगू लागतं. दोन्हींतला एकच प्रसंग घ्या, आई कुठं उभी आहे, श्याम तिच्यापासून किती लांब आहे, कॅमेरा कुणाच्या उंचीवर आहे, हे शेजारी शेजारी लिहा. कुठला चांगला हे ठरवायची गरज नाही. माझ्या मते नवख्यासाठी याहून चांगला गृहपाठ नाही.

अभिनयावर लिहिणं सर्वांत कठीण. 'भूमिकेला न्याय दिला' हे वाक्य कायमचं सोडून द्या. स्मिता पाटील म्हटलं की आपल्या भागात अभिमान वाटतो, वडील शिवाजीराव पाटील शिरपूरचे. पण अभिमानानं लेख होत नाही. जब्बार पटेल यांचा 'उंबरठा' लावा आणि त्यातली तिची सुलभा ऐकते कशी, एवढंच बघा. समोरचा बोलत असताना तिचे डोळे, हात, खांदे काय करतात. चांगला नट दुसऱ्याच्या वाक्यांत ओळखू येतो. एकदा ही खूण कळली की साध्या मारधाडीच्या सिनेमातही छोट्या भूमिकेतला जीव तोडून काम करणारा माणूस दिसू लागतो, आणि त्याचं नाव लेखात येतं.

लोकप्रिय सिनेमाला कमी लेखणाऱ्यांशी माझं पटत नाही. ज्या सिनेमाला यात्रेतल्या तंबूत, मातीत बसून माणसांनी दाद दिली, त्याच्यात काय होतं हे शोधणं गंभीर काम आहे. असा सिनेमा घरी एकट्यानं पाहून लिहू नका. पहिल्या दिवशी, भरलेल्या टॉकीजमध्ये, शक्यतो पुढच्या रांगांत बसून पाहा. शिट्टी कुठं वाजली, बायका कुठं हसल्या, कुठं लोक उठून पाणी प्यायला गेले, हे डाव्या बाजूला लिहा. ती सगळी सिनेमाची लय आहे. शहरातल्या समीक्षकांसाठीच्या खास खेळात हे कळत नाही.

याच संदर्भात मालेगाव विसरू नका. ते नाशिक जिल्ह्यात असलं, तरी धुळ्याहून तासाभराच्या वाटेवर आहे. शेख नासिर आणि त्यांच्या मित्रांनी 'मालेगाव के शोले' केला. फैजा अहमद खान यांचा या मंडळींवरचा माहितीपट आवर्जून पाहा. क्रेन नाही म्हणून बैलगाडी, ट्रॉली नाही म्हणून सायकल. कॅमेरा वर का जातो आणि बाजूनं का सरकतो, हे त्यात जितकं स्पष्ट दिसतं तितकं पुस्तकात दिसत नाही. त्यावरून मी एक सवय घेतली. ज्या प्रसंगावर लिहायचंय, तो मित्रांना उभं करून मोबाइलवर तसाच चित्रित करायचा प्रयत्न करतो. पंधरा सेकंदांचा शॉट घ्यायला गेलं की कळतं, माणूस दारातून कधी यायला हवा आणि उजेड कुठून. त्यानंतरचं लिहिणं बदलतं.

आपल्याकडच्या ज्ञानाला घाबरू नका. कापसाची वेचणी कधी असते, केळीच्या बागेत चालताना आवाज कसा येतो, सावकाराच्या ओट्यावर माणूस कुठं बसतो, हे तुम्हाला माहीत आहे. शेतकऱ्यावरचा सिनेमा बघताना ते वापरा. 'गावाकडची भाषा' म्हणून पडद्यावर जे सरसकट बोललं जातं, त्यात अहिराणी कुठली, तावडी कुठली, लेवा बोली कुठली, की कुठलीच नाही, हे खान्देशातला लेखकच ऐकू शकतो. मात्र चुका मोजत बसू नका. एखादी चूक पात्राला खोटं करत असेल तरच ती लिहा.

शिकण्यासाठी पुण्याची एक फेरी गरजेची आहे. फिल्म इन्स्टिट्यूट प्रभातच्याच जागेत 1960 पासून उभी आहे, आणि पी. के. नायर यांनी उभारलेलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 पासून पुण्यातच. या दोघांचा मिळून रसास्वादाचा, म्हणजे सिनेमा कसा पाहावा याचा, अभ्यासक्रम चालत आलाय. सतीश बहादूर यांनी त्याची घडण केली. त्याची जाहिरात लक्ष ठेवून पाहा. महाराष्ट्र एक्सप्रेस जळगावहून थेट पुण्याला जाते. जानेवारीच्या आसपास पुण्यात, नोव्हेंबरात गोव्यात महोत्सव असतात. गोव्यासाठी भुसावळहून गोवा एक्सप्रेस आहे. मराठी वाचनात प्रभात चित्र मंडळ या फिल्म सोसायटीचं 'वास्तव रूपवाणी' हे नियतकालिक आणि अरुण खोपकरांचं गुरुदत्तवरचं पुस्तक मिळवा. एक पुस्तक तीन सिनेमांत किती खोल उतरतं, हे त्यात दिसेल.

पैशाबद्दल स्पष्ट सांगतो. निव्वळ परीक्षणं लिहून घर चालवणारा माणूस मला आपल्या भागात भेटलेला नाही. शिकवणं, पत्रकारिता, भाषांतर, सबटायटल, पटकथा वाचून मत देणं, अशी जोड लागते. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा. लिहिण्यासाठी सुरुवातीला जिल्ह्याच्या आवृत्तीची पुरवणी चांगली. सहाशे शब्दांचा लेख करा, त्यात गोष्ट चार ओळींत संपवा आणि मध्यंतरानंतरचं काही उघड करू नका. जुन्या सिनेमावर लिहिताना ही अट नाही, तिथं शेवटासह सगळं बोलता येतं. तारे देण्याचा आग्रह झाला तर द्या, पण ते लेख लिहून झाल्यावर ठरवा.

एक प्रसंग प्रत्येकावर येतो. आपल्याच गावातला कुणी मित्र, मावसभाऊ लघुपट करतो आणि म्हणतो, "तू लिही ना भाऊ." लिहा. त्याचा सिनेमाही इतरांसारखाच दोनदा पाहा, वहीची डावी बाजू भरा, जमलेला एक शॉट नावानिशी सांगा आणि न जमलेला एकही लपवू नका. त्यानं किती हाल सोसले, पैसे कुठून उभे केले, हे लेखाच्या शेवटी दोन ओळींत येऊ द्या. छापण्याआधी लेख त्याला दाखवू नका. छापून आला की अंक घेऊन स्वतः त्याच्या घरी जा, म्हणजे काही बोलायचं असेल तर त्याला समोर बोलता येईल.