पाळणाघरातली आजारपणं : या चुका टाळा

दुपारी एकच्या सुमाराला मावशी हाक मारतात, "ताई, याचं अंग तापलंय बघा." सकाळी हेच पोर खिदळत आत आलेलं असतं. मी आईला फोन लावते आणि एवढंच विचारते, "सकाळी औषध किती वाजता दिलं होतंत?" 'दिलं होतं का' असं कधीच विचारत नाही. तसं विचारलं की उत्तर 'नाही' येतं.

पॅरासिटामॉलचा परिणाम चार ते सहा तास टिकतो. साडेसातला पाजलं की नऊला दारात अंग गार, जेवणाच्या वेळेला पुन्हा चटके. आपण पाळणाघरवाल्या मात्र नियमात लिहितो 'ताप असल्यास मूल आणू नये'. दारात ताप नसतोच, मग नियम मोडला कुठे? माझ्याकडे आता असं लिहिलंय : तापाचं औषध न देता सलग 24 तास ताप 100.4 फॅरनहाइटच्या खाली हवा. शिवाय दाराशीच वही. शेवटचा डोस किती वाजता, ते लिहून सही. सहीला हात अडखळला की मला कळतं.

ही वही फुकट नाही आली. पाळणाघराच्या तिसऱ्या वर्षी पावसाळ्यात एका मुलाच्या तळहातावर दोन लाल पुटकुळ्या दिसल्या. आई म्हणाली, डास चावलेत, आणि लाळ दातांमुळे गळतेय. तिचा नव्या नोकरीचा पहिला दिवस होता, मला दया आली. दहा दिवसांत एकोणीसपैकी आठ पोरांना हँड फूट माउथ, म्हणजे हाता-पायांवर आणि तोंडात फोड आणणारा विषाणूचा आजार. एका चिमुरडीच्या तोंडात इतके फोड, की पाणी गिळेना. सलाइन लावायला दवाखान्यात न्यावं लागलं. मग घाबरून मी दुसऱ्या टोकाला गेले. हा विषाणू शीतून कित्येक आठवडे बाहेर पडतो असं समजल्यावर प्रत्येकाला महिनाभर घरी बसवलं. तीही चूकच. इतके दिवस कोण रजा काढणार? ताप नाही, लाळ थांबली, फोड सुकले, की मी घेते. उरलेलं काम डायपरनंतर साबणाने हात धुण्याचं. सॅनिटायझरची बाटली टांगून मोकळं होणाऱ्यांना सांगते, जुलाबाच्या बऱ्याच विषाणूंवर ते फारसं चालत नाही.

कांजिण्यांत 'सात दिवस झाले' हे ऐकू नका. कॅलेंडर नको, खपली बघा. एकही ओला फोड उरला असेल तर घरी.

शेंबूड हिरवा झाला म्हणून मूल परत पाठवू नका. साध्या सर्दीतही तो हिरवा होतो.

औषध देण्यात मात्र घाई करणाऱ्या नवख्या बायकांची मला खरंच भीती वाटते. एकाच नावाचं पॅरासिटामॉल थेंबांच्या बाटलीत एका एमएलला 100 मिलिग्रॅम असतं, सिरपमध्ये पाच एमएलला 120 किंवा 250. आजीने फोनवर 'पाच एमएल द्या' सांगितलं आणि पिशवीत थेंबांची बाटली निघाली, तर पोटात 500 जाणार. म्हणून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नाव, वजन, मात्रा नसेल तर मी बाटलीचं झाकणसुद्धा उघडत नाही. स्वयंपाकघरातला चमचा तर नाहीच. खोकल्याचं सिरप दोन वर्षांखालच्या मुलाला देऊच नये, असं केंद्राच्या आरोग्य खात्यानेही 2025 मध्ये बजावलंय.

नेटवरून परदेशी नियमावली उचलून आपलं नाव टाकणाऱ्याही पाहिल्यात. काहींत गोवराची ओळसुद्धा नव्हती. प्रवेशाच्या वेळी लसीकरणाचं कार्ड मागा, नऊ महिन्यांचा आणि दीड वर्षाच्या आसपासचा, असे दोन्ही डोस त्यावर दिसले पाहिजेत.

आणि आई-बाबांखेरीज अर्ध्या तासात पोचेल अशा तिसऱ्या माणसाचा नंबर घेतलात, तर त्याच दिवशी लावून बघा. मला दिलेला एक नंबर आईच्याच ऑफिसच्या रिसेप्शनचा निघाला होता.