पडद्यावरचे पांढरे चट्टे असे गेले

टीव्हीच्या पडद्यावर मुलांच्या बोटांचे ठसे उमटले होते. मी नळाच्या पाण्यात फडकं बुडवून पुसलं. ठसे गेले, पण वाळल्यावर पांढरट चट्टे उमटले. पाण्यातले क्षार मागे राहिले होते. काच पुसायचा स्प्रे हातात घेतलाच होता, तेवढ्यात टीव्हीसोबतची पुस्तिका चाळली आणि वाचलो! स्प्रेमधल्या अमोनियाने किंवा अल्कोहोलने पडद्यावरचा चकाकी रोखणारा पातळ थर खराब होऊ शकतो. तो एकदा गेला की परत येत नाही.

मग टीव्ही बंद करून प्लग काढला आणि पडदा गार होऊ दिला. काळ्या, गार पडद्यावर डाग स्पष्ट दिसतात. आधी कोरड्या मायक्रोफायबर कापडाने धूळ टिपली, कारण कण राहिले तर पुसताना तेच ओरखडे काढतात. नंतर दुसऱ्या कापडाला डिस्टिल्ड वॉटरचा, म्हणजे क्षार काढलेल्या पाण्याचा, जेमतेम ओलावा दिला. पाणी नेहमी कापडावर, पडद्यावर कधीच नाही: ओघळ खालच्या कडेतून आत शिरतो आणि तिथल्या नाजूक जोडण्या बिघडतात. हलक्या हाताने, एकाच दिशेने पुसलं, लगेच कोरडं कापड फिरवलं. हट्टी डागावर नखाने खरवडू नका, जोरही लावू नका. ओलं कापड थोडा वेळ नुसतं टेकवून ठेवलं की डाग सैल होतो.

टिश्यू पेपरनेही ओरखडे पडू शकतात, म्हणून तो मी आता मॉनिटरलाही लावत नाही. टीव्हीचा पडदा पूर्ण वाळल्यावरच प्लग लावला. चट्टे गेले होते.