दर गुरुवारी साडेसहाला: वस्तीतल्या पोरांसोबत उभं कसं राहायचं

पुण्यात आमच्या दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत चौदा ते सतरा वयाच्या पोरांना लोक सरसकट ‘वाया गेलेली’ म्हणतात. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढा घरांत शिरला, तेव्हा याच पोरांनी म्हाताऱ्यांना पाठुंगळी घेऊन वरच्या घरांत पोचवलं. दुसऱ्या दिवशी चिखल उपसताना मी त्यातल्या दोघांना म्हणालो, “गुरुवारी माझी सुट्टी असते. समाजमंदिरात या, हातचं काम शिकवतो.” मी भोसरीत फिटर आहे. तुम्हाला तुमच्या वस्तीत असं काही करायचं असेल, तर मला जे कळलं ते सांगतो.

बॅनर, टी-शर्ट, उद्घाटन यांच्या मागे लागू नका. आधी वार आणि वेळ ठरवा, आणि तो वार मोडू नका. या पोरांना शब्द देऊन गायब होणारी मोठी माणसं घरात आणि बाहेर भरपूर भेटलेली असतात. मीही तेच केलं होतं. ओव्हरटाइमपायी सलग तीन गुरुवार चुकवले, निरोपसुद्धा धाडला नाही. चौथ्या गुरुवारी एक पोरगा आला नाही. दुसऱ्याने मोबाइलवर त्याचा वाढदिवस दाखवला: कोयत्याने केक कापतोय आणि शेजारी गल्लीतला भाई त्याच्या खांद्यावर हात टाकून उभा. मी नव्हतो ते तिन्ही गुरुवार भाई मात्र कोपऱ्यावर हजर होता. पोरगा परत यायला सात महिने लागले. तेव्हापासून मला जमणार नसेल तर आदल्या दिवशी निरोप जातो आणि दार दुसरा कुणीतरी उघडतो.

म्हणून एकट्याने सुरू करू नका. निदान दोन मोठी माणसं हवीत. कुणीही मोठा माणूस एका पोराला घेऊन बंद खोलीत बसणार नाही, हा नियम पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर सांगा आणि स्वतःलाही लावा. दोघांमागे आठ-दहा पोरं पुरेत. जास्त झाली की तुम्हाला नावं आठवतात, चेहरे वाचता येत नाहीत.

पहिले दोन महिने उपदेश नको. हाताला काम द्या. मी प्रत्येकाला लोखंडाचा एक तुकडा देतो, व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलाला बसवलेल्या शिकंज्यात, धरायला लावतो आणि कानशीने काटकोनात घासायला सांगतो. घासून झालं की गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार, लावून तुकडा ट्यूबलाइटकडे धरायचा. फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासायचं. हाणामारीत पुढे असणारा, शाळेत दहा मिनिटं न टिकणारा एक पोरगा त्या तुकड्यावर तीन गुरुवार घालवून बसला. शेवटी उजेड दिसायचा बंद झाला, तेव्हा त्याने तुकडा माझ्या हातात दिला नाही. आधी शेजारच्याला दाखवला, मग खिशात घातला. अशी वेळ आली की मध्ये बोलू नका. तुम्हाला कानस येत नसेल तर जे येतं ते शिकवा: सायकलचं पंक्चर, वायरिंग, हलगी, स्वयंपाक. चूक त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसली पाहिजे आणि स्वतःच्या हाताने सुधारता आली पाहिजे, एवढंच बघा.

बोलणं त्यातूनच निघतं. समोरासमोर बसवून “काय अडचण आहे बाळा?” विचारलं की पोरगं गप्प होतं. शेजारी उभं राहून काम करताना तेच पोरगं बापाच्या दारूबद्दल आपणहून सांगतं.

घरी जायलाच हवं. आया सहकारनगरची धुणीभांडी आटपून येतात, म्हणून आठनंतर जा. पहिल्या भेटीत तक्रार करू नका, एक चांगली गोष्ट सांगा. एका माऊलीला मी म्हणालो, “वहिनी, तुमच्या पोराचा हात फार स्थिर आहे.” ती कितीतरी वेळ पदराला हात पुसत राहिली. तिच्या पोराबद्दल आजवर आलेला प्रत्येक निरोप तक्रारीचा होता.

शाळा सुटली असेल तर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं. त्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला लागतो आणि तो मिळवण्यातच महिने जातात, तेव्हा आधी दाखल्याच्या मागे लागा. दहावी नापास झालेल्यांनाही आयटीआयचे वेल्डर, वायरमनसारखे काही ट्रेड खुले असतात. औंधच्या आयटीआयमध्ये त्याच्याबरोबर स्वतः जा. नुसता पत्ता दिला तर तो गेटवरून परत येतो.

आता कायदा, कारण भाई लोक इथेच फसवतात. “तू अठराच्या आतला आहेस, तुला काही होत नाही, मॅटर तू अंगावर घे,” असं पोरांना सांगितलं जातं. ही थाप आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे खुनासारख्या, किमान ७ वर्षं शिक्षा असलेल्या गुन्ह्यात १६ ते १८ वयाच्या मुलावर मोठ्या माणसासारखा खटला चालू शकतो. आणि जो मोठा माणूस मुलाला गुन्ह्यासाठी वापरतो, त्याला त्याच कायद्यात ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि ५ लाखांचा दंड आहे. हे पोरांना शांतपणे, पुन्हा पुन्हा सांगा.

तरीही पोरगं पकडलं गेलंच, तर त्याच दिवशी पोलीस ठाण्यात जा आणि बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याला भेटा. मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं, पुण्यातलं मंडळ येरवड्याला आहे. वकिलाला पैसे नसतील तर शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे फुकट वकील मिळतो. पकडलेल्या पोराचा फोटो किंवा नाव कुठेही टाकू नका. ओळख उघड करणं हाही गुन्हा आहे. मी इथे एकाही पोराचं नाव लिहिलेलं नाही, ते याचसाठी. घरात मारहाण किंवा त्याहून वाईट काही कळलं तर १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा. पोटात ठेवू नका.

व्हाइटनर, गोळ्यांची नशा कळली तर पोराला हाकलू नका. आमचे दोघे येरवड्याच्या मुक्तांगणात गेले. १९८६ पासून व्यसनमुक्तीचं काम करणारी ती माणसं घरच्यांनाही सोबत बसवतात. पोरगं उपचार घेत असताना त्याची गुरुवारची जागा रिकामी ठेवा. त्याचा तुकडा, त्याची कानस दुसऱ्याला देऊ नका.

गणपतीच्या दिवसांत कुणी येणार नाही, ते मांडवात असतात. तुम्हीही साडेसहाला मांडवात जाऊन उभे राहा.

कोयत्याने केक कापणारा तो पोरगा आता एकोणीसचा आहे, वेल्डिंग करतो. गुरुवारची सुट्टी सोडून मला ओव्हरटाइमला जावं लागलं की समाजमंदिराची किल्ली तो आणि माझा जोडीदार घेऊन जातात. मागच्या गुरुवारी पाऊस होता, दोनच पोरं आली. त्याने ट्यूबलाइट लावली आणि दोघांना व्हाइसपाशी उभं केलं.