चियांग रायची पांढरी-निळी देवळं नीट बघायची असतील तर

साताऱ्या-सांगलीकडून थायलंडला जाणारे बहुतेक जण बँकॉक आणि पट्टाया उरकून परत येतात. जे नेटाने उत्तरेला चियांग मायपर्यंत पोचतात, त्यांना तिथे कुणीतरी एका दिवसाची सहल विकतं : गरम पाण्याचे झरे, पांढरं देऊळ, निळं देऊळ, काळं घर, मध्ये जेवण, रात्री हॉटेलवर परत. ही सहल घेऊ नका. एवढं वाचून लेख मिटवलात तरी माझं काम झालं.

चियांग माय ते चियांग राय रस्त्याने एका बाजूचे तीन-साडेतीन तास लागतात. म्हणजे दिवसातले सहा-सात तास गाडीत बसायचं आणि देवळात मिळतो जेमतेम तास, तोही सगळ्या सहलींच्या गाड्या एकदम येऊन थडकतात तेव्हाचा. त्यापेक्षा चियांग रायला दोन रात्री मुक्काम करा. गाव लहान आहे, राहणं-खाणं चियांग मायपेक्षा महाग नाही, आणि सकाळ तुमच्या हातात राहते. पुढचं सगळं त्या सकाळीवर अवलंबून आहे.

आधी हे कुणाचं काम आहे ते

पांढरं देऊळ म्हणजे वाट रोंग खुन (थाई भाषेत ‘वाट’ म्हणजे देऊळ). चालेर्मचाय कोसित्पिपत या चित्रकाराने १९९७ मध्ये स्वतःच्या पैशांतून ते बांधायला घेतलं. माणूस त्याच गावचा, जन्म १९५५ चा. लंडनमध्ये विम्बल्डनला एक थाई बौद्ध मंदिर आहे, तिथली भित्तिचित्रं रंगवण्यात त्यांनी ऐंशीच्या दशकात काही वर्षं घातली आणि मग आपल्या गावचं मोडकळीला आलेलं देऊळ हाती घेतलं. देणगी घेतात, पण एका माणसाकडून १०,००० बाटपेक्षा जास्त नाही. मोठा देणगीदार आला की तो रंग कुठला लावायचा ते सांगायला लागतो, ते यांना नको. आपल्याकडच्या जीर्णोद्धार समित्यांनी हा नियम उचलला तर कितीतरी जुनी दगडी देवळं ऑइलपेंटपासून वाचतील, पण तो विषय वेगळा.

५ मे २०१४ ला चियांग रायमध्ये ६.३ रिश्टरचा भूकंप झाला, देवळाचं बरंच नुकसान झालं. आधी कोसित्पिपत म्हणाले, आता हे पाडतो. मग अभियंत्यांनी मूळ सांगाडा धड असल्याचं सांगितल्यावर दुरुस्तीला लागले. काम अजून संपलेलं नाही आणि सगळा आराखडा पुरा व्हायला २०७० उजाडेल असं सांगितलं जातं. तेव्हा कोपऱ्यात परांची दिसली तर कुरकुर करू नका.

निळं देऊळ, वाट रोंग सुआ तेन, त्यांच्या शिष्याचं : फुत्था काबकेव. काम २००५ ला सुरू झालं, मुख्य सभागृह २०१६ ला पुरं झालं. काळं घर, बान दाम, हे देऊळ नाहीच. थवान दुचानी (१९३९–२०१४) या चित्रकाराचं ते घर आणि संग्रह. सहलवाले तिन्हींची एक माळ ओवतात म्हणून लोक तिथेही हात जोडून फिरतात.

सातारा जिल्ह्यातल्या औंधचं म्युझियम ज्यांनी पाहिलंय त्यांना ही जातकुळी लवकर कळते. तिथेही स्वतः ब्रश धरणाऱ्या एका राजाची आवड दालनादालनांतून दिसते, आणि सगळंच आपल्याला पटायला हवं असं नसतं. जाण्याआधी एक रविवार कराडजवळच्या आगाशिव लेण्यांतही घालवा. चैत्य, स्तूप, भिक्षूंच्या खोल्या, कोरीव काम अगदी थोडं. ते साधेपण डोळ्यांत असेल तर चियांग रायचा थाट किती वेगळा आहे ते कळतं. नाहीतर नुसतं ‘वॉव’ होतं.

तयारी

पासपोर्ट, तिकीट, सिमकार्ड हे तुम्हाला येतं. व्हिसाचे नियम बदलत असतात, तिकीट काढायच्या दिवशी पाहा. १ मे २०२५ पासून थायलंडमध्ये शिरण्याआधी डिजिटल आगमन कार्ड ऑनलाइन भरावं लागतं. ते फुकट आहे, पैसे मागणारी साइट दिसली की बंद करा.

नोव्हेंबर ते जानेवारी जा. फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत तिकडे शेतं आणि रानं जाळतात, धुराने आभाळ मळकट होतं आणि पांढरं देऊळ राखाडी दिसतं. मे महिन्याची सुट्टी आहे म्हणून मे गाठणाऱ्यांनी छत्री घ्या.

कपडे : खांदे आणि गुडघे झाकलेले. साडी, पंजाबी ड्रेस, फुलपँट, सगळं चालतं. बिनबाह्यांच्या टॉपवर ओढणी टाकून दारात हुज्जत घालू नका, बाह्यांचा टॉप घाला. काळा गॉगल हवाच. चपला काढाव्या लागतात, त्यासाठी एक कापडी पिशवी.

शाकाहारी मंडळींनी ‘जे’ हा शब्द पाठ करा आणि लाल अक्षरांची पिवळी पाटी शोधा. तिथे मांस, मासे, अंडी काही नसतं, कांदा-लसूणही नसतो. घरून नेलेलं भडंग मुक्कामावर संध्याकाळी काढा, देवळाच्या आवारात डबे उघडू नका.

जायचं कसं

पांढरं देऊळ गावापासून साधारण १३ किलोमीटर. गावातल्या जुन्या बसस्थानकावरून बस मिळते, पण सकाळी लवकर पोचायचं तर ग्रॅब (मोबाइल अ‍ॅपवरून मिळणारी टॅक्सी) बोलवा. दार उघडायच्या वेळी तिथे असा. चियांग मायहून सातला निघालेल्या गाड्या दहा-साडेदहाच्या आत येऊ शकत नाहीत, हे साधं गणित आहे. साडेनऊला तुमचं मुख्य काम झालेलं पाहिजे.

पूल, आणि मग ती भिंत

इथेच बहुतेकांचं गाडं अडतं. मलाही हे नीट जमायला वेळ लागला, म्हणून सविस्तर.

मुख्य सभागृहाकडे जायला एक अरुंद पूल आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना खड्ड्यातून शेकडो पांढरे हात वर आलेले आहेत, काही वाडगी धरून, काही नुसतेच बोटं ताणून. तृष्णेचे हात. त्यांतल्या एका बोटाचं नख लाल रंगवलेलं आहे. ते शोधायचं असेल तर पुलावर चढण्याआधीच शोधा, कारण एकदा चढलात की थांबू देत नाहीत आणि मागे फिरू तर अजिबात देत नाहीत. जन्ममरणाचा फेरा ओलांडून पलीकडे जायचं, अशी कल्पना आहे. तिथून परत यायचं नसतं. पलीकडे दारावर दोन राखणदार आहेत, एक मृत्यू आणि दुसरा राहू. आपला ग्रहणातला राहूच. तिथला गाइड ‘राक्षस’ म्हणून पुढे जातो, तुम्ही घरच्यांना नाव सांगा, सगळे एकदम थबकून बघतील. पण तेही पुलाच्या अलीकडूनच.

म्हणून माझा नियम : पूल चढण्याआधी अलीकडे निवांत उभं राहा. छपराकडे बघा. हत्ती, नाग, हंस आणि सिंह असे चार प्राणी तिथे गुंफले आहेत, पृथ्वी, पाणी, वारा आणि अग्नी यांच्यासाठी. पांढऱ्या गिलाव्यात आरशाचे बारीक तुकडे बसवलेत. सकाळी ते एकेक करून चमकतात, दुपारी मात्र सगळं देऊळच डोळ्यांवर येतं. फोटो काय काढायचे ते सगळे इथे काढून घ्या, घरातल्या प्रत्येकाचे, जोडीने, एकत्र, हवे तसे. मग फोन खिशात. सभागृहात फोटोला बंदी आहे आणि ती मनापासून पाळली जाते.

आता सभागृह. आत शिरलात की समोर बुद्ध, पाय आपोआप तिकडे वळतात. मागून रेटा असतोच. लोक हात जोडतात, दहा-बारा पावलं चालतात आणि बाहेर पडतात. नंतर बाहेर आइस्क्रीम खाताना कुणीतरी विचारतं, ‘तो सुपरमॅन कुठे होता?’ तो तुमच्या पाठीमागे होता. दाराच्या भिंतीवर. पूल बंद, परतीची वाट बंद, आणि पुन्हा आत जायला मिळेल असं धरून चालू नका.

ही भिंत म्हणजे या देवळातलं सगळ्यात धाडसी काम. ज्वाळा, त्यात एक अवाढव्य असुराचा चेहरा, आणि त्याच्या आसपास आपल्याच काळातली भुतावळ : न्यूयॉर्कच्या जुळ्या इमारतींवरचा हल्ला आणि त्यांना विळखा घालणारी पेट्रोलपंपाची नळी, रॉकेटं, मायकेल जॅक्सन, सुपरमॅन, स्पायडरमॅन. चित्रांची दिशाच अशी आहे की मोहाच्या या भिंतीकडून सुटून माणसाने समोरच्या बुद्धाकडे जावं. म्हणजे नुसते समोर बघून बाहेर पडलात तर सुटलात कशापासून ते कळलंच नाही.

‘मुलांना मजा येईल, आत कार्टून आहेत’ असा सल्ला देणाऱ्यांचा मला मनस्वी राग आहे. ती कार्टूनं मजेसाठी काढलेली नाहीत. आपण ज्यांना वाचवणारे म्हणून डोक्यावर घेतो ते सगळे त्याच आगीत उभे केलेत, असं मी ते चित्र वाचतो. तुम्हाला वेगळं दिसेल, हरकत नाही, पण दिसलं तर पाहिजे.

तेव्हा करायचं असं. आत पाऊल टाकलं की रेट्यातून लगेच एका बाजूला व्हा. बाजूच्या भिंतीजवळ जा, पण टेकू नका, भिंतभर चित्रं आहेत. आधी समोर नमस्कार करा. मग उभ्या उभ्याच अंग तिरकं करून मागे बघा. बुद्धाकडे पाय पसरून बसणं तिकडे फार वाईट दिसतं, आणि सरळ पाठ फिरवून बोटं दाखवणंही बरं नाही. तिरकं उभं राहिलं की दोन्ही भिंती नजरेत येतात. पुलावरचा ‘मागे फिरू नका’ हा नियम इथे नजरेला लागू नाही, काही जण उगाच घाबरून मान वळवत नाहीत.

आधी असुराचा चेहरा पकडा, विशेषतः डोळे, मग त्याच्यापासून बाहेर सरका. वरून खाली ओळीने वाचायला गेलात तर हरवाल. दहा मिनिटं पुरतात. बरोबर मुलं असतील तर पुलाआधीच कामाला लावा : आत सुपरमॅन आहे, आधी कोण शोधतंय बघू. मुलं आत जाताच माना फिरवतात आणि त्यांच्यामागे अख्खं कुटुंब वळतं. दहा-पंधरा जणांचा ग्रुप असेल तर हा एकच उपाय मी खात्रीने सांगू शकतो.

आणि घाई करणाऱ्या मेहुण्याला पहिल्यांदा आत पाठवू नका. तो बाहेर जाऊन फोन करत बसतो.

बाहेर आल्यावर

आवारात एक सोनेरी, नक्षीदार इमारत दिसेल. लोक चपला काढायच्या बेतात असतात. ती स्वच्छतागृहं आहेत. सोनं म्हणजे देह आणि त्याचे लाड, पांढरं म्हणजे मन, असा कलाकाराचा हिशोब. जरूर वापरा, इतकं देखणं स्वच्छतागृह पुन्हा मिळणार नाही.

बाकीची दोन

निळ्या देवळाला संध्याकाळी जा. गावालगत कोक नदीच्या पलीकडे आहे, तिकीट नाही, गर्दी ओसरते. आत गर्द निळ्या भिंतींमध्ये पांढरा भव्य बुद्ध, बस. इथे बसा. पाठ होण्याची वेळ सापडली तर ‘नमो तस्स भगवतो’ कानावर येईल, आपल्या साताऱ्यातल्या विहारांत वंदनेला म्हणतात तेच पाली शब्द, चाल तेवढी वेगळी. ज्यांना वंदना पाठ आहे त्यांनी मनातल्या मनात साथ द्यावी. बाहेर निळं नारळाचं आइस्क्रीम मिळतं, तो रंग गोकर्णीच्या फुलांचा असतो, बिनधास्त खा.

काळं घर दुसऱ्या दिवशी सकाळी. गावाच्या उत्तरेला आहे, विमानतळाच्या वाटेने. काळ्या सागवानी इमारती, आत म्हशींची शिंगं, हाडं, मगरींची कातडी. घरात कडक शाकाहारी किंवा लहान मूल असेल तर आधी कल्पना द्या. काहींना तिथे मळमळतं, मला ते तिन्हींत सगळ्यात प्रामाणिक वाटतं. संध्याकाळ रिकामी असेल तर गावातला सोनेरी घड्याळ-मनोरा पाहा, तोही कोसित्पिपत यांचाच. सात, आठ आणि नऊ वाजता त्यावर रंगीत दिव्यांचा खेळ होतो. पाच-दहा मिनिटांचा, त्यासाठी जेवण थांबवू नका.

फोटो नाही म्हणून हळहळत असाल तर पांढऱ्या देवळाच्या दुकानात कोसित्पिपत यांच्या चित्रांच्या छापील प्रती मिळतात. मोठी घेतलीत तर पुठ्ठ्याच्या नळीत गुंडाळून मागा आणि नळी हातातच ठेवा. चेक-इनच्या बॅगेत टाकली की मुंबईच्या पट्ट्यावर ती चपटी होऊन येते.