पाणंदीत पिकअपला जॅक लावताना या चुका टाळा

पहिल्या पावसानंतर काळी माती वरून सुकल्यासारखी दिसते आणि फसवते. टोमॅटोचे क्रेट भरून पाणंदीतून निघालो होतो, मागचं डावं टायर पंक्चर होऊन बसलं. एक्सलखाली बॉटल जॅक ठेवला आणि दांडा मारायला लागलो. दहा-बारा हात मारले, जॅकचा पिस्टन वर येताना दिसत होता, पण गाडी तसूभर हलेना. वाकून पाहिलं तर जॅकचं बूड चार बोटं मातीत गेलेलं.

भरलेल्या पिकअपच्या मागच्या एका चाकावर टनभर वजन सहज येतं. जॅकचं बूड 10 बाय 10 सेंटीमीटर धरलं, तर दर चौरस सेंटीमीटरला 10 किलो. तेच वजन 30 बाय 30 च्या फळीवर पसरलं की 1 किलोच्या थोडंसं वर. म्हणून सीटमागे दोन इंच जाडीची लाकडी फळी कायम असू द्या. प्लायवूडचा तुकडा चालत नाही, तो मधोमध वाकतो. वीट दाबाखाली फुटते, आणि चपटा म्हणून उचललेला दगडही डगमगतोच. आणि हो, आधी माल उतरवा. मी आळस केला होता.

फळी टाकण्याआधी फावड्याने जागा सपाट करा. जॅक तिरका बसला की जोर बाजूला जातो आणि गाडी जॅकवरून घसरते. पाणंद एका अंगाला कललेली असेल तर बसलेल्या टायरवरच हळूहळू सपाट जागेपर्यंत गाडी न्या. टायर वाया जाईल, जाऊ दे.

आता हँडब्रेक आणि गिअरचा भरवसा. गाडी गिअरमध्ये ठेवली की हलणार नाही, असं बहुतेकांना वाटतं. पण मागचं एक चाक हवेत गेलं की डिफरन्शियलमुळे, म्हणजे मागच्या दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या गिअरमुळे, ते उलटं फिरू शकतं आणि जमिनीवरचं चाक पुढे सरकतं, गिअर तसाच असला तरी! हँडब्रेक मागच्या चाकांवर असेल, तर तेव्हा जमिनीवर टेकलेलं मागचं एकच चाक गाडी धरून असतं, आणि तेही चिखलात. म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड लावा, पायाने ठोकून घट्ट बसवा. फोर बाय फोर असेल तर फोर-लो, म्हणजे चारही चाकांना जोडणारा सावकाश गिअर, टाका.

जॅक चेसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, लावला की गाडी वर जाते, पण स्प्रिंगचे पाटे सैल होत जातात आणि चाक जमिनीवरच राहतं. चाक सुटेपर्यंत गाडी उंच जाऊन डोलायला लागते. एक्सलखाली, पाट्याजवळ लावला तर चाक लगेच उचलतं. एक्सलच्या मधल्या गोळ्याखाली, म्हणजे डिफरन्शियलखाली, मात्र लावू नका, मागची दोन्ही चाकं उचलली जातात आणि हँडब्रेकला काही अर्थ उरत नाही.

टायर पूर्ण बसल्यावर जॅक एक्सलखाली शिरत नाही, ही नेहमीची अडचण. जॅकच्या डोक्याचा स्क्रू पूर्ण आत फिरवा. तरी जमलं नाही तर दुसऱ्या एका फळीवर ते चाक चढवा, नाहीतर खड्डा काढून त्याच्या तळाशी फळी घाला.

व्हिडिओत दिसणारा उंच फार्म जॅक साध्या पिकअपला निरुपयोगी आहे. त्याला मजबूत लोखंडी बंपर लागतो. कंपनीच्या बंपरचा पातळ पत्रा तो वाकवतो किंवा त्यावरून निसटतो, आणि दांडा उसळून तोंडावर बसला तर जबडा गेला.

स्टेपनी हौद्याखाली असते, ती गाडी उचलण्याआधीच काढा. नटही चाक जमिनीवर असतानाच एक फेरा ढिले करा. उचलल्यावर पाना ओढत बसलात की अख्खी गाडी हलते. काढलेली स्टेपनी चेसीखाली आडवी सरकवून ठेवा. जॅक सुटलाच तर गाडी तिच्यावर टेकेल. चाक बदलताना पंक्चर चाक तिथे ठेवा. गाडीखाली हात किंवा डोकं घालायचं नाही, क्षणभरही नाही.

जॅक अर्ध्यावर थांबतो? बहुधा तेल कमी आहे. आपोआप खाली बसतो? व्हॉल्व्ह नीट बंद नाही, त्यात कचरा आहे किंवा सील गेलंय. तेल घालायचं तर जॅकचंच. ब्रेक ऑइल ओतलं तर सील फुगून जॅक बाद होतो. पावसाळ्याआधी घरीच, पक्क्या जमिनीवर, गाडी उचलून दहा मिनिटं तशीच ठेवून पाहा.

शेवटी नट समोरासमोरचे आवळा आणि पूर्ण जोर गाडी खाली आल्यावरच द्या. मग 50 किलोमीटरवर, चहाला थांबाल तेव्हा, पाना पुन्हा एकदा फिरवा. माझे दोन नट ढिले निघाले होते.