माळावरची ग्लायडर स्पर्धा: विंचने ओढायचं की मोटरने चढायचं?

रेडिओ कंट्रोल ग्लायडर (रिमोटने चालवायचं, हवेत तरंगणारं मॉडेल विमान) विंचने, म्हणजे दोरी गुंडाळणाऱ्या यंत्राने ओढला काय आणि मोटरने चढवला काय, दीडशे-दोनशे मीटर उंची दोन्हीकडे मिळते. फरक हिशोबाचा आहे. विंचवर उंची फुकट असते, म्हणून मिळेल तेवढी घ्यायची. मोटरवर प्रत्येक मीटरमागे गुण कापले जातात, म्हणून लागेल तेवढीच घ्यायची. विंचची सवय झालेला माणूस मोटरकडे वळतो आणि जुन्या हौसेने पूर्ण ३० सेकंद मोटर चालवतो. तिथेच तो फेरी हरतो.

आधी नियम. एफएआय या जागतिक हवाई क्रीडा संघटनेच्या वर्गांपैकी एफ३बी विंचवर चालतो. त्यात टर्नअराउंड पुली (दोरी वळवून विंचकडे परत आणणारी कप्पी) विंचपासून जास्तीत जास्त २०० मीटरवर असते. बॅटरी, वायर, स्विच आणि मोटर यांचा एकूण रोध किमान २३ मिलिओहम असावा लागतो, म्हणजे कुणी राक्षसी ताकदीचा विंच आणू नये. एफ३जेमध्ये १५० मीटरची दोरी माणसं पळत ओढतात. एफ५जे हा मोटरचा वर्ग: पंखांची लांबी ४ मीटरपर्यंत, मोटर एकदाच आणि ३० सेकंदांच्या आत, फेरीचा वेळ १० मिनिटं. हवेत राहिल्याच्या प्रत्येक सेकंदाला १ गुण. २०० मीटरपर्यंतच्या उंचीसाठी मीटरमागे अर्धा गुण वजा, त्यावर मीटरमागे ३ गुण. खुणेपासून मीटरभरात उतरलात तर ५० गुण, पुढच्या प्रत्येक मीटरला ५ कमी, १० मीटरपलीकडे काही नाही. मोटर दुसऱ्यांदा चालवली तर त्या फेरीचं उड्डाण शून्य.

आता आकडे मांडून बघा. एकाने १८० मीटरवर मोटर बंद केली, त्याचे ९० गुण गेले. दुसऱ्याने ७० मीटरवर केली, त्याचे ३५. दोघांनीही पूर्ण वेळ काढला तर दुसरा ५५ गुणांनी पुढे, म्हणजे अचूक लँडिंगपेक्षाही मोठा फायदा. पण दुसऱ्याला थर्मल (वर चढणारी गरम हवा) न मिळून तो सातव्या मिनिटाला खाली आला, तर १८० गुण गेले. म्हणून कमी उंचीची हिंमत आकाश वाचता येत असेल तरच करावी. नवख्याने १५०-१६० मीटरपासून सुरुवात करून हळूहळू खाली यावं.

विंच लावायचा तर आमच्याकडे मराठवाड्यात पहिली अडचण जमिनीची. काळं रान मार्च ते मे दगडासारखं टणक असतं आणि भेगाळलेलं असतं. खुंट्या भेगेजवळ ठोकल्या तर ढेकळासकट उपटून येतात. पाऊस पडला की त्याच खुंट्या लोण्यातून निघाव्यात तशा निघतात. त्यामुळे मुरमाड माळ किंवा गायरान शोधा, पहारीने भोक पाडा, आणि टर्नअराउंड पुलीला किमान दोन लांब खुंट्या ओढीच्या उलट दिशेला कलत्या ठोका. पुली सुटली तर ताणलेली दोरी तिला थेट विंचकडे फेकते. म्हणून दोरीच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही आणि चालू दोरी ओलांडायची नाही.

विंचचा जीव म्हणजे १२ व्होल्टचा गाडीचा सेल्फ (स्टार्टर मोटर), ड्रम, सोलेनॉइड (मोठा करंट जोडणारा विद्युत स्विच) आणि पायाने दाबायचा स्विच, म्हणजे पॅडल. दोन गोष्टी चुकवू नका. एक, ड्रम उलटा फिरू नये म्हणून एकदिशा बेअरिंग किंवा ब्रेक. तो नसेल तर पाय काढताच दोरी ढिली पडते. दुसरी, बॅटरीच्या तोंडाशी हाताने ओढून तोडता येईल असा स्विच. सेल्फला शेकडो अँपिअर लागतात आणि त्यात सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट कधी कधी चिकटतात. मग पाय काढला तरी ड्रम फिरतच राहतो.

दोरी १.२ ते १.४ मिलिमीटरची नायलॉन मोनोफिलामेंट घ्या, कारण तिचा ताणच शेवटी मॉडेलला वर फेकतो. पण मुरमावर घासून, ज्वारीच्या धसकटात आणि बाभळीच्या काट्यात अडकून तिला ओरखडे पडतात, आणि पुढच्या लाँचला ती तिथेच तुटते. दिवस संपताना दोरी बोटांतून सरकवून तपासा, खरखरीत भाग कापून गाठ मारा. उन्हात सोडून दिलेली दोरी लवकर कडक होते.

टो-हुक (दोरी अडकवायचा मॉडेलखालचा आकडा) गुरुत्वमध्याच्या ५ ते १० मिलिमीटर पुढे ठेवा आणि पुढूनच सुरुवात करा. हुक फार मागे असेल तर मॉडेल दोरीवर डावी-उजवी झोकांड्या खातं, फार पुढे असेल तर चपटं चढतं. सोडण्याआधी दोरीत चांगला ताण येऊ द्या, पंख समतल ठेवा, नाक किंचित वर धरून फेका. पॅडल सतत दाबू नका, थोडं थोडं मारत राहा. वर पोचल्यावर क्षणभर नाक खाली करून वेग घ्या, मग नाक वर खेचून दोरी सोडा. या झेपेत फुकटचे चांगले मीटर मिळतात. दोरीचं पॅराशूट पुलीत शिरण्याआधी पॅडल सोडा.

विंचला समोरून वारा हवा. भर दुपारी थर्मल सुटला की माळावरचा वारा क्षणात फिरतो. २०० मीटर पसरलेला सरंजाम वाऱ्यासोबत फिरवता येत नाही, आणि पाठवाऱ्यावरचं लाँच अर्धवट राहतं. शेजारी कापूस किंवा तूर उभी असेल तर पडलेली दोरी गोळा करणं म्हणजे शेतकऱ्याशी भांडण. चार-पाच जणांच्या गटाने मोटरच निवडावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. एफ३बी खेळायचाच असेल तर गोष्ट वेगळी.

मोटरचा संच ठरवताना ताकदीची हाव धरू नका. १.४ किलोचं मॉडेल २०० मीटर उचलायला सुमारे २,७५० ज्यूल लागतात. प्रॉप (प्रॉपेलर) आणि मोटर मिळून निम्मी ऊर्जा वाया गेली असं धरलं तर ५,५००, म्हणजे ३० सेकंदांत साधारण १८५ वॉट. ओढ आणि वारा धरून ३०० वॉट भरपूर झाले. ३एस लायपोवर (तीन सेलची लिथियम-पॉलिमर बॅटरी) हा भार अंदाजे २७ अँपिअर, आणि पूर्ण ३० सेकंदांत २२५ एमएएच. १,३०० एमएएचची बॅटरी पुरते, सर्व्होंचा (सुकाणू हलवणाऱ्या छोट्या मोटरींचा) खर्च धरूनही. ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर) ४० ते ६० अँपिअरचा घ्या, कमी घेतलेला उन्हाळ्यात तापून मोटर मध्येच बंद करतो.

छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटरवर आहे. ४० अंशांत तिथली हवा प्रमाणित हवेपेक्षा सुमारे १४ टक्के विरळ असते. सकाळी नीट वाटलेला प्रॉप दुपारी हलका पडतो. एक माप मोठा लावता येतो, पण वॉटमीटर लावून करंट बघितल्याशिवाय नाही, तेही थंड सकाळी, कारण तेव्हाच करंट सर्वांत जास्त असतो.

बाकीच्या गोष्टी: ईएससीचा ब्रेक चालू ठेवा, नाहीतर मिटणारा प्रॉप मिटतच नाही आणि हवेत फिरत राहून उंची खातो. मोटर चालू होताच नाक वर उठत असेल तर मोटर थोडी खाली कलवा किंवा थ्रॉटलला एलिव्हेटरचं (नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीच्या पात्याचं) मिक्स द्या. मोटर थंड ठेवायला हवा आत येण्याच्या भोकापेक्षा बाहेर जाण्याचं भोक मोठं ठेवा. उंचीमापक हवेचा दाब मोजतो, म्हणून नाकातून येणारी हवा थेट त्याच्यावर आदळू देऊ नका, आणि मॉडेल उन्हात तापत ठेवून लगेच उडवू नका. आकडा भरकटतो.

सर्वांत महागडी चूक मोटर बंद केल्यानंतरची. मोटर थांबल्यावर १० सेकंदांपर्यंतची सर्वांत जास्त उंची मोजली जाते. सेकंदाला २० मीटर वेगाने चढत असताना मोटर बंद करून नाक वर ठेवलंत, तर मॉडेल आणखी १५ मीटर सहज जातं. साडेसात गुण गेले, आणि कळलंही नाही. विंचवर जी झेप कमाई होती, ती इथे दंड आहे. म्हणून मोटर बंद करण्याच्या दोन सेकंद आधी नाक सपाट करायला लागा, आणि हव्या त्या उंचीच्या थोडं आधी ती बंद करा.

मोटर चालू असताना सरळ वर जाऊ नका, जिथे थर्मल असेल तिकडे जा. नांगरलेलं काळं रान आणि हिरवा ऊस यांच्या हद्दीवर दुपारी हवा सुटते. घारी गोल फिरत असतील किंवा वावटळ उठली असेल तर तीच जागा, मात्र वावटळीच्या बुडाशी खालून शिरायचं नाही. वाऱ्याच्या वरच्या अंगाला शोध घेतलात तर रिकाम्या हाताने परत यायला सोपं जातं.

परवानगीचं बघा. ड्रोन नियम, २०२१ मध्ये मॉडेल विमानंही येतात. डिजिटल स्काय नकाशावर हिरव्या भागातही ४०० फुटांपर्यंतच, म्हणजे सुमारे १२० मीटरपर्यंत मोकळीक आहे, आणि विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फुटांपर्यंत. विंच काय आणि मोटर काय, स्पर्धेची उंची या मर्यादेच्या वर जाते, त्यामुळे हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी आधी काढा. चिकलठाणा, नांदेड किंवा लातूरच्या विमानतळाजवळचा माळ तर निवडूच नका.

एप्रिल-मेमध्ये लायपो बंद गाडीत ठेवू नका. थर्माकोलच्या पेटीत, सावलीत ठेवा आणि फेरीच्या अगदी आधी बाहेर काढा. फुगलेली बॅटरी त्या दिवशीच बाजूला करा. प्रॉप बसवल्यावर थ्रॉटल लॉक चालू असल्याची खात्री करूनच बॅटरी जोडा, आणि मॉडेलचं नाक माणसांकडे कधीही करू नका.